काकडीला भोपळ्याचं मूळ: कोणता खुंट, कशासाठी?

वरूड-मोर्शीकडे जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून संत्र्याची कलमं करतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. काकडीचंही तसंच कलम होतं, फक्त अगदी कोवळ्या रोपांवर. भाजीपाल्यात ही पद्धत १९२० च्या दशकात जपान-कोरियात कलिंगडापासून सुरू झाली.

कशासाठी?
शेडनेटमध्ये त्याच मातीत वारंवार काकडी घेतली की मर रोग वाढतो. काकडीची ही बुरशी भोपळ्याच्या मुळाला सहसा लागत नाही. फळ मात्र काकडीचंच येतं.

खुंट कोणता?
- संकरित भोपळा: मुळं जोमदार. मातीतलं सोडियम बरंचसं मुळातच अडवतो, म्हणून दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यात आधी याचा विचार करा. सूत्रकृमी मात्र यालाही लागतात.
- गिलके: उन्हाळा आणि साचलेलं पाणी सोसतं.

कसं करायचं?
भोपळा झपाट्याने वाढतो, म्हणून काकडीचं बी तीन-चार दिवस आधी टाका. पहिलं खरं पान दिसू लागलं की भोपळ्याचा शेंडा, बियातून निघालेल्या दोन जाड पानांपैकी एकासकट, तिरका कापा. दुसरं जाड पान राहू द्या. शेंडा अर्धवट राहिला तर भोपळाच फुटतो! काकडी जाड पानांच्या खाली तशीच तिरकी कापा, काप कापाला टेकवा आणि क्लिप लावा.

आता ट्रे प्लास्टिकच्या बोगद्यात: २५ ते २८ अंश तापमान, ९० टक्क्यांवर आर्द्रता, पहिले दोन-तीन दिवस अंधुक उजेड. मग हळूहळू हवा द्या. आठ-दहा दिवसांत जोड धरतो.

मी इथंच फसलो. अकोल्याच्या एप्रिलात ट्रे प्लास्टिकखाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या रोपांनी माना टाकल्या. आर्द्रता होती, पण आत भट्टी झाली होती. ऑक्टोबरात, सावलीत केलेली बहुतेक रोपं जगली.

लावताना
जोड मातीच्या वरच ठेवा. नाहीतर काकडी स्वतःची मुळं सोडते आणि रोग पुन्हा आत शिरतो.

आणि हो, कलमाने खारं पाणी गोडं होत नाही. आधी माती-पाणी तपासून घ्या. मग एक ओळ कलमाची, शेजारी एक साधी लावा. तुमच्या शेतात खर्च परवडतो का, ते त्या दोन ओळीच सांगतील.