मारिओ वाचला, आपल्या टँकचं काय?

मंगळवार, २८ मे १९९६. दुपारचे बारा वाजत आलेत आणि तुम्ही गुलमंडीवर मामाचं बोट सोडून एका दुकानापुढे उभे आहात. वय अकरा, निकाल लागलेला, शाळा उघडायला अजून अवकाश. शरीर तेव्हाचं असलं तरी डोकं आजचंच राहू द्या, पुढे कामाला येईल. उन्हानं डांबर मऊ झालंय. दुकानांच्या पाट्यांवर ‘औरंगाबाद’ आहे. छत्रपती संभाजीनगर हे नाव सरकारी कागदावर पक्कं व्हायला २०२३ उजाडायचंय.

दुकानात घड्याळं, कॅलक्युलेटर, इस्त्र्या आणि अगदी वरच्या फळीवर ते खोके. समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर. खोक्यांवर छापलेल्या चित्रांचा आतल्या खेळांशी काडीचा संबंध नाही, हे तुम्हाला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून तर मान वर करकरून तुम्ही ती बघत होता.

“यातला चांगला कुठला?” मामा विचारतो.

“सब एकही है साहब, सिर्फ डब्बा अलग है,” दुकानदार म्हणतो.

मामाला ही टाळाटाळ वाटते. पण या माणसानं एका वाक्यात अख्ख्या धंद्याचा इतिहास सांगितलाय. निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ ला जपानात फॅमिकॉम बाजारात आणला. मुख्य मेमरी दोन किलोबाइट, प्रोसेसरचा वेग जेमतेम पावणेदोन मेगाहर्ट्झ. पुढे त्याच्या नकला निघाल्या आणि जिथे निन्टेन्डो पोचला नाही किंवा परवडला नाही, तिथे त्या पोचल्या. रशियात १९९२ साली हीच नक्कल ‘डेंडी’ नावानं आली, खोक्यावर हत्ती घेऊन. आपल्याकडे ती वेगवेगळ्या नावांनी आली. अमेरिकेतल्या यंत्राच्या कॅसेटला ७२ पिना, जपानीला ६०; आपल्या डब्यांना जपानी पद्धतीच्या ६०. हो, कॅसेटच. कार्ट्रिज म्हणणारा एकही मुलगा तुम्हाला या शहरात १९९६ साली भेटणार नाही.

इथे माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास सोपा जाईल. मूळ फॅमिकॉम हा जपानचा वारसा आहे आणि तो सांभाळणारे लोक जगभर आहेत. गुलमंडीवरचा हा नकली डबा मात्र आपला वारसा आहे आणि त्याला वाली नाही.

मामा पैसे मोजतो. बंदूक, दोन रिमोट, एक अ‍ॅडाप्टर आणि ‘९९९९९९९ इन १’ असा स्टिकर असलेली पिवळी कॅसेट. रिक्षा. सिडको.

घरात कूलर चालू आहे आणि आजोबा टीव्हीसमोर. लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालली आहे आणि दूरदर्शन ती थेट दाखवतंय. अँटेनाची पिन काढायला तुम्ही टीव्हीमागे हात घालता.

“अरे, हात लावू नकोस! अटलजी बोलणार आहेत.”

तेरा दिवसांच्या सरकारचं काय होणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांना सांगून उपयोग नाही. ते म्हणतील, तुला काय कळतंय राजकारणातलं. बसा गपचूप. भाषण होतं, राजीनामा द्यायला ते राष्ट्रपतींकडे जातात, आजोबा बराच वेळ काही बोलत नाहीत. मग उठताना म्हणतात, “घे, लाव तुझं ते.”

आता टीव्हीकडे नीट बघा. व्हिडिओकॉन. पैठण रोडवर चौदा किलोमीटरच्या दगडाजवळच्या चितेगावात या कंपनीचा कारखाना आहे. पंचवीस-तीस किलोचं धूड. चॅनेल फिरवत फिरवत, मुंग्यांच्या पडद्यातून अचानक मेन्यू उगवतो आणि घरातली सगळी पोरं एकदम ओरडतात. डब्यापासून पडद्यापर्यंतचा हा जुगाड, ती पिन, ती खरखर, उजव्या कडेला जरा वाकलेलं चित्र: हे सगळं मिळून तो खेळ होता. आजच्या सपाट टीव्हीवर तोच मारिओ काचेसारखा स्वच्छ दिसतो आणि मला तो परका वाटतो. त्या काळच्या चित्रकारांनी ठिपके रंगवले ते पिक्चर ट्यूबमध्ये एकमेकांत मिसळतील असं धरून.

बंदूक हातात घ्या. बदकं उडतात, तुम्ही घोडा दाबता. तेव्हा वाटायचं की बंदुकीतून काहीतरी पडद्यावर जातं. होतं उलट. घोडा दाबल्याबरोबर पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. उजेड दिसला तर बदक पडलं. हे सगळं मोजक्या फ्रेममध्ये उरकायचं असतं, आणि एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्याच्यावर संस्कार करतो, तेवढ्यात ती वेळ टळून जाते. म्हणून आज तुमच्या दिवाणखान्यात तीच बंदूक, तीच कॅसेट आणि तोच डबा आणला तरी एकही बदक मरणार नाही. जतनाच्या गप्पा मारणारे बरेचजण कन्सोल काचेच्या कपाटात ठेवतात आणि टीव्ही भंगारात देतात. पाणचक्कीवर लोक जातात ते पाणी पडताना आणि चाक फिरताना बघायला. पाणी तोडलं तर तिथे नुसता दगड उरेल.

मेन्यू खाली सरकवा. नव्याण्णव लाखांच्या वर खेळ म्हणे. खरे दहा-बारा, बाकी तेच, कुठे दुसऱ्या पायरीवरून सुरू होणारा मारिओ, कुठे नाव बदललेला. कॉन्ट्रा आहे, रोड फायटर आहे आणि सगळ्यांत लाडका ‘टँक’. त्याचं खरं नाव बॅटल सिटी, तो जपानच्या नामको कंपनीनं १९८५ साली काढला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? नकला करणाऱ्यांनी पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव आणि सालही पुसून टाकायचा रिवाज होता. ज्या खेळांवर आपली एक पिढी वाढली, त्यांचे कर्ते आपल्यासाठी निनावी राहिले.

टँकमध्ये ‘कन्स्ट्रक्शन’ उघडा. याच्यासाठीच तर मी तुम्हाला इथवर आणलं. तेरा बाय तेराचं मैदान आणि हातात पाच गोष्टी: विटा, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ. तुम्ही, तुमची चुलत बहीण आणि शेजारचा पोरगा मिळून दौलताबादचा किल्ला बांधायला घेता. भोवती पाण्याचा खंदक, मधे पोलादी कडा, आतल्या गरुडाला विटांचा कोट. “इकडून वाट ठेव ना, नाहीतर शत्रू येणारच नाही!” बहीण म्हणते आणि तिचं बरोबर आहे. निन्टेन्डोच्या यंत्रावर, नामकोच्या खेळात, सिडकोतल्या पोरांनी बनवलेला हा खेळ आहे. या डब्यावर या शहराचं स्वतःचं असं काही निर्माण झालं असेल तर ते असे नकाशे. घरोघरी झाले असतील.

आणि लाइट जाते.

नकाशा साठवायची सोयच त्या कॅसेटमध्ये नव्हती. कॅसेटमधला मूळ खेळ कायमचा कोरलेला, म्हणून तो पुन्हा उगवला. तुमचा किल्ला दोन किलोबाइटांत होता, तो गेला.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत चला. घरी सांगू नका. पडदा लावलेल्या अंधाऱ्या खोलीत चार मशीन आणि एका मशीनभोवती सगळी गर्दी. ‘मुस्तफा’. पिवळी टोपी घातलेला गडी धावत येऊन लाथ घालतो. कॅपकॉमचा १९९३ चा हा खेळ, नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पण हिंदुस्थानभर तो ओळखला गेला त्यातल्या मुस्तफा नावाच्या पात्रावरून. भारतातल्या पार्लरांचा राजा कोण, असं विचाराल तर माझं उत्तर हेच, स्ट्रीट फायटरवाल्यांनी रागवू नये. आणि हाच खेळ तेव्हापासून आजतागायत कुठल्याही घरगुती कन्सोलसाठी निघाला नाही. तो एका अमेरिकी कॉमिकवर बेतलेला, त्याचे हक्क वेगळे, मोटारीच्या नावाचे हक्क वेगळे. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या मारामारीच्या जुन्या खेळांचा संच काढला, त्यातही मुस्तफा नव्हता. पैसे खिशात घेऊन दुकानाबाहेर उभे राहा, तुम्हाला तो रीतसर विकत देणारा कुणी नाही.

मग आज तो भेटतो तो कुणामुळे? पार्लरमधून आठ-नऊ महिने पुढे उडी मारा. फेब्रुवारी १९९७. इटलीतला निकोला साल्मोरिया नावाचा प्रोग्रामर मेम नावाचं सॉफ्टवेअर लोकांसमोर ठेवतो, पार्लरची यंत्रं संगणकावर जिवंत करणारं. एप्रिलमध्ये नेस्टिकल येतं, निन्टेन्डोच्या यंत्रासाठी. दोन्ही फुकट, दोन्ही हौसेची कामं. सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० किलोबाइटांत मावतो. तुमच्या फोननं काढलेल्या एका फोटोत असे डझनावारी मारिओ बसतील. तो आता मरत नाही. त्याच्या प्रती इतक्या ठिकाणी आहेत की निन्टेन्डोनं ठरवलं तरी तो पुसला जायचा नाही. कंपन्यांनी जे वाचवलं नाही ते हौशी लोकांनी वाचवलं, अनेकदा कायद्याच्या कुंपणापलीकडे उभं राहून, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. अभ्यासकांना ते ग्रंथालयातून दूरवर बसून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, ज्याच्याकडे संगणक प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवू नये म्हणून बॅकअप करता येतो. कायदेशीर प्रत! गुलमंडीची पिवळी कॅसेट हातात धरून हे कलम वाचा, हसू येईल. पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयांना द्यायचा कायदा १९५४ पासून आहे, चित्रपटांसाठी पुण्याचं राष्ट्रीय संग्रहालय १९६४ पासून. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट मात्र उरला नाहीच. ज्या खेळांची बिलंसुद्धा फाटली नाहीत, त्यांची काय कथा.

परतीच्या वाटेवर पैठण रोडनं येऊ. २००५: व्हिडिओकॉन फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतं, परदेशातल्या कारखान्यांसकट. जग सपाट पडद्याकडे निघालेलं असताना चितेगावचा पत्ता असलेली कंपनी नळीवर पैसा लावते. पुढे मोबाइल, तेल, कर्जं. २०१८: दिवाळखोरीची प्रक्रिया. धंदा म्हणून त्या निर्णयाचं काय व्हायचं ते झालं. पण या शहरात नळीचा टीव्ही घराघरांतला तर होताच, पोटापाण्याचाही होता. तो उघडून दुरुस्त करणारे हात अजून इथे आहेत. वय झालेले, पण आहेत.

आता २०२६ मध्ये या. तुमच्या माळ्यावर तो डबा असेल. आत हिरव्या पट्टीवर काळ्या इपॉक्सीचा थेंब, त्याखाली चिप. हा थेंब स्वस्तात पडतो म्हणून घातला, आणि त्यामुळेच आतली चिप गेली की काढून बदलता येत नाही. म्हणजे चालू आहे तोवरच त्याची नोंद होईल. कॅसेटला फुंकर मारू नका. लहानपणी मारली ते ठीक. तोंडातल्या दमटपणानं पिना गंजतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या, मग लावा. मेन्यूच्या एकेका पानाचा फोटो काढा, कारण त्या खोट्या नावांच्या याद्या कुठल्याच जपानी किंवा अमेरिकी संग्रहात पूर्ण सापडणार नाहीत. खोका, स्टिकर, बिल, काही असेल तर तेही. कुठल्या दुकानातून, कुणी, कधी घेतला ते घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. मामा आहेत तोवर विचारा.

नळीचा जुना टीव्ही घरात असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी चार ठिकाणी विचारा, हवा असणारा कुणीतरी याच शहरात निघेल. बिघडला असेल तर त्याची पाठ स्वतः उघडू नका: बंद असतानाही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. जुन्या मेकॅनिककडे न्या.