व्हॉल्यूम शून्यावर

गेल्या दिवाळीत मेढ्याला घरी जाताना बॅगेत चकली-चिवड्याऐवजी एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत घेतलेलं ॲम्प्लिफायरचं किट. माळ्यावर अण्णांच्या जुन्या डेकचे दोन स्पीकर पडून होते. डेक कधीच गेला, स्पीकर मात्र शाबूत. म्हटलं, चार दिवस सुट्टी आहे, यांना पुन्हा बोलतं करू.

आता खरं सांगायचं तर आमची डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी सोल्डरिंग हा प्रकार एका प्रॅक्टिकलपुरता केलेला. तेही पार्टनरने. त्यामुळे दीड दिवस आणि डाव्या अंगठ्यावर एक फोड एवढ्या मोबदल्यात सर्किट तयार झालं. स्पीकर जोडला. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

घूंऽऽऽऽ.

अण्णा आतून ओरडले, "काय रे, गिरणी चालू केलीस काय?"

गाणं नाही, काही नाही, व्हॉल्यूम शून्यावर, आणि तरी घूं. पहिल्यांदा ॲम्प्लिफायर करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा घूं भेटतो, हे नंतर कळलं. तो कुठून येतो हे शोधताना मी जे वाचत गेलो ते मला किटपेक्षा जास्त आवडलं. म्हणून हा लेख.

आधी खोक्यात काय होतं ते सांगतो. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन मोठे कन्डेन्सर, पाच पायांची एक काळी आयसी (टीडीए २०३०, मूळची इटलीतल्या एसजीएस कंपनीची), ती थंड राहावी म्हणून ॲल्युमिनियमचा तुकडा, आणि मूठभर रेझिस्टर. सोबत एक झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, अशी. तीत दोन रेझिस्टर दिसत होते: एक २२ हजार ओहमचा, एक ६८० ओहमचा. मी सुरुवातीला त्यांची अदलाबदल करून बसलो होतो. आयसी चटका बसेल इतकी तापली तेव्हा कळलं. बदलले आणि ती निवली. पाच-पन्नास पैशांच्या या दोन नगांत एवढं काय आहे? तर त्यांची गोष्ट १९२७ सालात सुरू होते.

हॅरॉल्ड ब्लॅक हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करणारा इंजिनिअर. वय २९. प्रश्न लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा होता. तारेतून जाता जाता आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवायचे. पण प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाज मोठा करताना थोडा बिघडवतोही. असे डझनभर ओळीने लावले की पलीकडच्या माणसाला बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू येणार. ब्लॅक काही वर्षं याच्याशी झगडत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याला उत्तर सुचलं. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता, त्याच्याच पानावर त्याने आकृती आणि समीकरणं लिहून काढली. (आपल्याला लोकलमध्ये फार तर डुलकी लागते!)

युक्ती अशी. गरजेपेक्षा खूप जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर घ्यायचा. मग बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत सोडायचा. बाहेर जे आलं आणि आत जे दिलं होतं त्यांतला फरक, म्हणजेच चूक, ॲम्प्लिफायर स्वतःच सुधारत राहतो. ताकद घटते, पण बिघाडही त्याच प्रमाणात घटतो. माझ्या आयसीची मूळची ताकद सुमारे ३० हजार पट. ते दोन रेझिस्टर तिला ३३ पटीवर आणतात. म्हणजे हजारातला एक भाग ठेवायचा आणि बाकीची सगळी ताकद स्वतःच्या चुका दुरुस्त करण्यात घालवायची. हे त्या काळी लोकांना इतकं विचित्र वाटलं की ब्लॅकला पेटंट मिळायला नऊ वर्षांहून जास्त काळ लागला. ते मिळालं डिसेंबर १९३७ मध्ये.

पण पेटंट म्हणजे काही किट नव्हे. टेलिफोन कंपनीतली ही युक्ती घरातल्या टेबलावर आणण्यात मोठा वाटा आहे डी. टी. एन. विल्यमसन या ब्रिटिश इंजिनिअरचा. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात त्याने घरगुती ॲम्प्लिफायरचं एक डिझाइन छापलं. १५ वॉट, आणि आवाजातला बिघाड ०.१ टक्क्यापेक्षा कमी. आकडा त्या काळाच्या मानाने थक्क करणारा होता, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याने काही लपवलं नाही. कोणती व्हॉल्व्ह, कोणते रेझिस्टर, आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा, सगळं दिलं. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि टंचाईत जगणाऱ्या इंग्लंडात लोकांनी ते घरी बांधलं. मग ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत. आम्ही ऑफिसात ओपन सोर्स म्हणून ज्याच्या गप्पा मारतो ते याहून वेगळं काय आहे?

त्याच १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या हीथ कंपनीने युद्धातून उरलेले सुटे भाग वापरून ऑसिलोस्कोपचं किट विकायला काढलं. किंमत साडेएकोणचाळीस डॉलर. ते धडाधड खपलं, आणि पुढे विल्यमसनच्या डिझाइनवरचं ॲम्प्लिफायर किटही त्यांनी आणलं. हीथची खरी कमाल होती त्यांचं माहितीपुस्तक. एक पायरी, तिच्यापुढे एक चौकट. वायर जोडली की चौकटीत खूण करा आणि पुढे चला. ज्याला ओहमचा नियम माहीत नाही त्याचंही यंत्र चालायचं. १९९२ मध्ये त्यांनी किटं बंद केली. माझी ती झेरॉक्स बघताना मला या पुस्तकाची फार आठवण येत होती, न पाहिलेल्या नातेवाईकाची यावी तशी.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ॲम्प्लिफायर आधी घरात आला नाही, मांडवात आला. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' नावाची कंपनी होती (नाव शिकागो, मालक सिंधी). काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवायची ती. गांधीजी आणि नेहरूंच्या जुन्या फोटोंमध्ये माइकवर हे नाव दिसतं. हजारो माणसांपर्यंत एका माणसाचा आवाज पोचवणं हे त्या काळी राजकारणच होतं. १९४२ च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला, २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत. त्या खटल्यातल्या पाच आरोपींत नानक मोटवाने होते. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले.

घरातला आवाज मात्र स्वातंत्र्यानंतरही बराच काळ परवान्यातच अडकला. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ती कटकट सुटायला १९८० चं दशक अर्धं सरावं लागलं. परकीय चलनाची टंचाई, त्यामुळे आयातीवर बंधनं, त्यामुळे परदेशी डेक म्हणजे आखातातून आलेल्या कुणाच्या तरी मामाकडेच. ही बंधनं १९९१ नंतर सैल होत गेली. अमेरिकेत दुकानात तयार माल होता आणि थोडे पैसे वाचवायला नाहीतर हौसेला लोक किट घेत. आपल्याकडे तयार माल परवडतच नव्हता, म्हणून किट. आणि ते घेणारा हौशी मुलगा नसून बहुतेक वेळा रेडिओ मेकॅनिक असायचा. आयटीआय केलेला, किंवा कुणाच्या हाताखाली शिकलेला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, सुताराकडून खोकं करून घ्यायचं, आणि 'असेंबल' करून विकायचं. खोकं परवडलं नाही तर स्पीकर सरळ माठाच्या तोंडावर उपडा बसवायचा. बास असा घुमायचा की बस्स.

अण्णांचा डेक तसाच होता. साताऱ्यातल्या एका मेकॅनिकने बांधलेला, कंपनीचं नाव नसलेला. 'असेंबल्ड' हा शब्द आपण 'दुय्यम' अशा अर्थाने वापरतो. मी आता वापरत नाही. त्या माणसाकडे ना हीथचं पुस्तक होतं, ना इंटरनेट. तरी त्याच्या डेकमधून घूं येत नव्हता!

आता घूंकडे येतो. भिंतीतल्या प्लगमध्ये येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावते. डायोड तिला एका दिशेने वळवतात तेव्हा दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून कन्डेन्सरमध्ये सेकंदाला १०० वेळा विजेचे लोंढे शिरतात. माझ्या सर्किटात गाण्याची अर्थिंगची वायर मी नेमकी या लोंढ्यांच्याच वाटेवर जोडली होती. ट्रान्सफॉर्मर आणि कन्डेन्सर यांच्या मधल्या तारेवर. ती तार म्हणजे तार, तिलाही थोडा रेझिस्टन्स असतो. प्रत्येक लोंढ्याबरोबर तिच्यावर चिमूटभर व्होल्टेज तयार होणार, आणि आयसी बिचारी ते गाणं समजून ३३ पट करणार. व्हॉल्यूमच्या बटणाचा त्यात संबंधच नाही. ब्लॅकची युक्तीही इथे चालत नाही, कारण ॲम्प्लिफायर स्वतःच्या चुका सुधारतो, आपण त्याला काय दिलं त्याच्या नव्हे. (प्रोग्रॅमर मंडळींना हे वेगळं सांगायला नको.)

हे मी अण्णांना समजावत होतो. डोंगरापलीकडचे, बामणोलीच्या बाजूचे एक आजोबा फराळाला आले होते. त्यांनी लाडू खाता खाता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी ह्यो लाईटीचा आवाज हाय. आमच्या कोयनंचा म्हनायचा की."

मी म्हटलं, "तसं म्हणता येईल, आजोबा."

"आमचं रान पान्याखाली गेलं तवा मी शाळंत हुतो. लाईट पोफळीतनं गेली ममईला. आमच्या वस्तीवर दिवा आला तवर माझं लगीन हुऊन पोरं झालती."

यावर काय बोलणार? ते तक्रारीच्या सुरात बोलतही नव्हते. त्यांनी दुसरा लाडू घेतला.

कोयनेचं धरण बांधलं गेलं १९५६ ते १९६४ या काळात. शिवसागर जलाशयाने जावळी आणि पाटण तालुक्यांतली खोरी बुडवली. पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून पोफळीला जनित्रं फिरली, पहिलं १९६२ मध्ये. आज सगळे टप्पे मिळून कोयना १९६० मेगावॉटची आहे. शाळेत आम्हाला 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' शिकवली ती हीच. गावं कुठली गेली ते नाही शिकवलं.

तांत्रिकदृष्ट्या आजोबांचं वाक्य थोडं दुरुस्त करायला हवं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी जोडलं गेलं आणि सगळ्या देशाचं एक ग्रिड झालं. या ग्रिडला जोडलेली मोठी जनित्रं एका तालात फिरतात. म्हणजे माझ्या स्पीकरमधला घूं कोयनेचा, तसाच चंद्रपूरचा आणि पार भाक्राचासुद्धा. पण ही दुरुस्ती मी बोलून दाखवली नाही. मेढ्यात बसून ऐकताना तो कोयनेचाच होता.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. अर्थिंगच्या सगळ्या वायरी कन्डेन्सरच्या पलीकडे एकाच बिंदूवर आणल्या. बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. मला वाटलं आयसी उडाली. कान स्पीकरला लावला तर अगदी बारीक 'सूं', जिवंत असल्याची खूण. मोबाईल लावला आणि अण्णांच्या आवडीचं नाट्यसंगीत सुरू केलं. एकाच स्पीकरवर, कारण किट एकाच चॅनेलचं होतं.

आजोबा तानेला दाद देत म्हणाले, "ब्येस. पर मगाचा आवाज कुटं गेला?"

"घालवला, आजोबा."

"बरं केलंस," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "हाय तिथंच आसंल पर त्यो."

आहेच तो. भिंतीच्या आत, सेकंदाला पन्नास वेळा. आपण फक्त वायरी अशा जोडल्या की तो आपल्याला ऐकू येऊ नये.

असो. दुसऱ्या स्पीकरसाठी दुसरं किट आणून ठेवलंय, पुढच्या सुट्टीत बसवीन. आणि ती झेरॉक्स मी पुन्हा स्वच्छ काढतोय. प्रत्येक पायरीपुढे चौकट, अर्थिंगचा बिंदू लाल शाईत, आणि सगळं मराठीत. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला नेऊन देणार आहे. तो ठेवून घेतो का बघू.