माळाची जुनी साक्ष

हर्सूलची वस्ती मागे टाकली की खडकाळ माळ आणि उघड्या टेकड्या दिसू लागतात. पिवळे गवत, मध्येच एखादी बाभूळ. ‘इथे पूर्वी घनदाट जंगल असणार, माणसाने ते तोडले,’ असे आपण सहज बोलून जातो. पण याला पुरावा काय?

वनस्पतींचा इतिहास शोधायचा तर आम्ही विज्ञानवाले प्रथम तळ्याच्या गाळातील परागकणांकडे वळतो. हर्सूलचा तलाव मात्र माणसाने बांधलेला. त्याचा गाळ फार जुने काही सांगणार नाही. शिवाय गवतांचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात, की कुसळी कोणती आणि पवना कोणता हे ओळखणे अवघड.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयाकडे मोर्चा वळवला. तेराव्या शतकापासूनच्या साहित्यातून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील रानझाडांचे उल्लेख वेचले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात अशा ४४ वनस्पती आहेत. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश हिवर, तरटी अशा माळरानाच्या. म्हणजे तिथले माळ निदान साडेसातशे वर्षांचे तरी आहेत.

कवीवर विश्वास कसा ठेवायचा, ही शंका रास्तच आहे. राजाच्या उपवनाचे वर्णन करताना कवी आंबा, चंपक, अशोक ओळीने मांडतो. ती संस्कृत काव्याची रीत, डोळ्यांनी पाहिलेले रान नव्हे. लीळाचरित्राची गोष्ट वेगळी. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांकडून स्थळांसह गोळा केल्या. अशा गद्यात झाड येते ते बोलण्याच्या ओघात. सहज दिलेली ही साक्ष आम्हांला अधिक मोलाची वाटते. तिचीही उलटतपासणी हवीच. मूळ पोथी नाहीशी होऊन ती पुन्हा सिद्ध करावी लागली असे परंपरा सांगते, पाठभेद पुष्कळ आहेत, आणि एकाच झाडाला दोन गावांत दोन नावे असतात. इथे वनस्पतिशास्त्रज्ञाला मराठीच्या शिक्षकाचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नाही!

हा वाद नुसत्या पांडित्याचा नाही. माळ म्हणजे उजाड जमीन असे एकदा ठरले, की तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात. मग चराई बंद होते, मेंढपाळांची वाट अडते आणि उघड्या गवतावर जगणाऱ्या माळढोकासारख्या दुर्मिळ पक्ष्याची जागा जाते.

हर्सूलचा माळ किती जुना, हे मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या अभ्यासावरून ठरणार नाही. त्यासाठी मराठवाड्याशी निगडित पोथ्या याच दृष्टीने वाचाव्या लागतील. चक्रधर जिथे वावरले ते पैठण इथून साठेक किलोमीटरांवर आहे.