त्रिपुरीचा ठराव आणि एका मराठी डॉक्टरची वही

जबलपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला कमानिया गेट नवे नाही. बाजारहाटाच्या निमित्ताने त्या कमानीखालून आपण शेकडो वेळा गेलेलो असतो. ती १९३९ साली भरलेल्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे, हेही आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. अधिवेशन बावन्नावे, म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असल्यामुळे त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणावे लागले. त्यांचे भाषण बंधू शरच्चंद्रांनी वाचून दाखविले. पंत ठरावावरून पक्षात दुफळी माजली आणि पुढे एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. ज्या सुभाषबाबूंना इंग्रज सरकारने १९३२ आणि १९३३ साली याच जबलपूरच्या तुरुंगात ठेवले होते, त्यांच्याच नावाने आज तो तुरुंग ओळखला जातो. एवढा इतिहास आपल्या शहराला तोंडपाठ आहे.

परंतु भांडणे लक्षात राहतात आणि भल्या गोष्टी विसरल्या जातात, हा जगाचा नियम त्रिपुरीलाही चुकला नाही. मार्च १९३९ मध्ये नर्मदेच्या काठी जमलेल्या त्याच अधिवेशनाने आणखी एक ठराव संमत केला होता. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी जनतेला त्यात सहानुभूती कळविली होती आणि काँग्रेसच्या वतीने चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाला मान्यता व पाठिंबा दिला होता. त्या ठरावावर कोणी रण माजविले नाही. म्हणूनच की काय, तो कोणाच्या ध्यानातही राहिला नाही. इकडे तो संमत होत असता पथकाला येनान येथे पोहोचून जेमतेम महिना झाला होता. पथकातील पाच डॉक्टरांपैकी दोघे मराठी होते, आणि त्यांपैकी एक परत येणार नव्हता.

या पथकाची कथा थोडक्यात अशी. १९३७ च्या अखेरीस चिनी आठव्या पायदळ सेनेचे सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर व औषधे यांची मागणी केली. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यानंतर सुभाषबाबूंकडे आले. त्यांनी देशाला आवाहन केले. जुलै १९३८ मध्ये ७ ते ९ तारखांना ‘चीन दिन’ पाळण्यात आले आणि बावीस हजार रुपयांचा निधी उभा राहिला. ज्या देशाला स्वतःचे सैन्य नव्हते, स्वतःचे परराष्ट्र खाते नव्हते, त्या पारतंत्र्यातील देशाने दुसऱ्या पीडित देशाला केलेली ही मदत होती. स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले डॉ. अटल पथकाचे प्रमुख. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. नागपूर ही त्या काळी आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी. तेव्हा चोळकर हे जबलपूरकरांचे प्रांतबंधूच म्हणावयाचे. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पथकाने मुंबईचा किनारा सोडला.

चीनच्या प्रवासात शिजियाझुआंग या शहरी जाण्याचा योग मला आला, तो याच कोटणीसांमुळे. बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांवर असलेले हे मोठे औद्योगिक शहर. तेथील हुतात्मा उद्यानात कोटणीसांची समाधी, त्यांचा पुतळा आणि लहानसे संग्रहालय आहे. जवळच कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी आहे. शहरात बेथ्यूनच्या नावाचे मोठे लष्करी रुग्णालय आहे आणि त्याच्या आवारातही १९७६ साली कोटणीस-स्मारक उभारण्यात आले.

चीनमधील लष्करी शिक्षणसंस्था म्हटली की इतिहासाच्या वाचकाला ग्वांगझौजवळची वाम्पोआ अकादमी आठवते. १९२४ साली सुन यत्-सेन यांनी ती स्थापिली आणि पुढे एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही पक्षांना तिने सेनानी पुरविले. त्या अकादमीत शिकविलेले एक गृहस्थ, न्ये रोंगझेन, पुढे शान्सी-चहार-होपे या सीमाप्रदेशाचे सेनापती झाले. आणि त्यांच्याच सैन्याने १९३९ साली डोंगराळ मुलखात एक निराळीच लष्करी शाळा काढली. तेथे बंदूक चालविणे शिकवीत नसत, बंदुकीने केलेली जखम भरून काढणे शिकवीत. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन बेथ्यून वारले आणि पुढच्या वर्षी त्या शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. या शाळेला ना भव्य द्वार होते, ना कवायतीचे मैदान. जपानी फौजांची मोहीम सुरू झाली की शाळा आणि रुग्णालय यांनी गाव सोडावयाचे आणि दुसऱ्या खेड्यात बस्तान मांडावयाचे. कोटणीस या शाळेत शस्त्रक्रिया शिकवीत, आणि जानेवारी १९४१ पासून बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुखही झाले. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला हा तरुण तेव्हा अवघा तीस वर्षांचा होता.

संग्रहालयात छायाचित्रे आहेत, शस्त्रक्रियेची उपकरणे आहेत. माओंसह त्या काळच्या नेत्यांबरोबर काढलेल्या चित्रांपुढे साहजिकच गर्दी होते. परंतु माझे पाऊल अडले ते एका वहीपाशी. भारतातून चीनला जाताना प्रवासातच कोटणीसांनी चिनी शब्द टिपून ठेवावयास आरंभ केला होता, ती ही वही. शाळकरी मुलाने परकी भाषेचे शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून पाठ करावेत, तसा तो प्रकार. ज्या माणसाला केवळ वर्षभराची कामगिरी करून परतावयाचे आहे, त्याला दुभाष्यावर भागविता आले असते. ती भाषा शिकण्याचे कष्ट त्याने बोटीवरच का घ्यावेत? पुढे या शब्दांचे चीज झाले. कोटणीस चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले आणि विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक त्याच भाषेत लिहिले. दुसऱ्या पुस्तकाचे लेखन चालू असतानाच त्यांना मृत्यूने गाठले.

मनुष्य मोठा ठरल्यावर त्याची प्रत्येक पायरी अटळ होती असे आपल्याला वाटू लागते. तसे नव्हते. चुंगकिंगला असताना वडील वारल्याची बातमी कोटणीसांना कळली. पुढे येनानला, त्याहून दूर, त्याहून धोक्याच्या मुलखात जावयाचे होते. सोलापुरात आई होती, भावंडे होती. परत फिरण्यास याहून सबळ कारण कोणते असते? त्यांनी न फिरण्याचे ठरविले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ सालीच परतले, अटल नंतर परतले, बसू १९४३ पर्यंत येनानला राहिले. आणि यांत कोणालाही उणे लेखण्याचे कारण नाही, कारण प्रत्येकाने आपला वाटा उचलला होता. परंतु कोटणीसांच्या निर्णयाचे मोल त्यांच्या एकट्याने दिले नाही, सोलापूरच्या त्या घरानेही दिले, हे संग्रहालयात लिहिलेले नसते. परमुलखात राहणाऱ्या आपणांस ते निराळे सांगावयास नको. घरून आलेली तार हातात घेऊन, गाडीचे तिकीट काढावे की कामावर जावे, हा प्रश्न आपल्या वडीलधाऱ्या पिढीतील कितीजणांपुढे उभा राहिला असेल!

नोव्हेंबर १९४१ मध्ये कोटणीसांनी बेथ्यून शाळेतच परिचर्या शिकविणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये यांनी त्याचे नाव ठेवले ‘यिनह्वा’. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. वय बत्तीस. सैन्याचा एक आधार आणि राष्ट्राचा एक मित्र गेला, अशा आशयाचे शब्द माओंनी लिहिले. दैवाची क्रूरता एवढ्यावर थांबली नाही. यिनह्वाही वैद्यकीचे शिक्षण घेत असता १९६७ साली, वयाच्या पंचविशीच्या आत वारला. क्वो चिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून गेल्या आणि २०१२ साली निवर्तल्या.

मृत्यूनंतर कोटणीस अनेकांचे झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढून त्यांना घरोघरी पोहोचविले. पण प्रेक्षकांच्या मनात राहिली ती बहुतांशी प्रेमकहाणी. चिनी संग्रहालयात ते पक्षाचे आणि सैन्याचे निष्ठावंत सैनिक म्हणून उभे आहेत. १९४२ साली त्यांनी साम्यवादी पक्षाचे सभासदत्व घेतले होते, तेव्हा तेही खोटे नव्हे. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मध्यंतरी १९६२ चे युद्ध होऊन गेले होते. जबलपूरसारख्या तोफांच्या गाड्या आणि दारूगोळा तयार करणाऱ्या छावणीच्या शहराला त्या युद्धाची आठवण कोणी करून द्यावयास नको. ज्या देशाच्या जखमींसाठी आपल्या माणसाने रात्रीचा दिवस केला, त्याच देशाच्या गोळ्यांनी वीस वर्षांनी आपले जवान पडले. मग कोटणीसांचे करणे व्यर्थ गेले काय? त्या वहीपुढे उभा असताना हा प्रश्न मला टाळता आला नाही.

मला सुचलेले उत्तर असे. राष्ट्रांची मैत्री ही राजकारणाची बाब आहे. ती जुळते आणि तुटते. ठरावही त्याच जातीचे. त्रिपुरीच्या ठरावाने चीनला सहानुभूती पाठविली, पण ठरावाला हात नसतात. जखम धुण्यास, टाके घालण्यास आणि रात्री कंदिलाच्या उजेडात विद्यार्थ्याला शिकविण्यास माणूस लागतो. असे काम ज्याच्यासाठी झाले, त्याच्यापाशी ते जमा होते. पुढे कोणी युद्ध पुकारले म्हणून ते परत घेता येत नाही. शिजियाझुआंगची शुश्रूषा शिकणारी मुले आजही कोटणीसांच्या पुतळ्यापुढे शपथ घेतात, ती कोणत्याही सरकारच्या मैत्रीची नसते, रोग्याच्या सेवेची असते.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हे लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. परप्रांती राहून आपली भाषा जपावी, गणेशोत्सव व्हावेत, नाटके बसवावीत, मुलांनी घरी मराठी बोलावे, यासाठी या मंडळाने पन्नास वर्षे खपून काम केले. ते उचितच होय. परंतु परक्या भूमीत माणूस रुजतो तो तेथल्या लोकांचे शब्द वहीत उतरवून घेतो तेव्हा. सोलापूरच्या या मुलाने दोन्ही गोष्टी साधल्या: तो शेवटपर्यंत ‘भारतातून आलेला डॉक्टर’च राहिला, आणि चिनी खेडुतांनी त्याला ‘क डिह्वा’ म्हणून आपलाही म्हटला. चुंगकिंगला असताना पाचही डॉक्टरांच्या नावांपुढे ‘ह्वा’ हे अक्षर जोडण्यात आले होते; ते त्याने सार्थ केले.

सोलापूरला भय्या चौकातील त्यांच्या जन्मस्थानी आता स्मारक झाले आहे. महाराष्ट्रात जाणे झाले तर मुलांना घेऊन ते अवश्य पाहावे. आणि इकडे कमानिया गेटखालून जाताना, बावन्न हत्तींच्या बरोबरीने, त्या विसरलेल्या ठरावाचीही गोष्ट त्यांना सांगावी.