अंधचाचणी

अंधचाचणी म्हणजे ज्या माहितीमुळे निकाल मनासारखा वळू शकतो, ती माहिती मुद्दाम झाकून ठेवून केलेली चाचणी. आपण खरे औषध घेतो आहोत की नुसती साखरेची गोळी, हे रुग्णाला कळू दिले नाही तर ती एकेरी अंधचाचणी. औषध देणाऱ्या आणि गुण आला की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरलाही ते कळू दिले नाही, तर दुहेरी. निकाल एका बाजूला ओढणाऱ्या या कलाला संख्याशास्त्राच्या मराठी परिभाषेत अभिनती असा शब्द आहे, बोलताना आपण पूर्वग्रह म्हणतो. पण पूर्वग्रह म्हटले की समोरच्यावर ठपका ठेवल्यासारखे होते आणि इथेच गफलत होते. लबाड माणसाला पकडायला इतरही मार्ग आहेत. अंधचाचणी जन्मली ती प्रामाणिक माणसासाठी, कारण तोही स्वतःच्या नकळत स्वतःला फसवतो.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत कावीळ उतरवण्यासाठी गळ्यात माळ घालतात. एखाद्या वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठी मारून गुंफलेले असतात. माळ घालताना ती गळ्याला जेमतेम पुरते. दिवसागणिक ती लांबत जाते, छातीपर्यंत येते, मग पोटापर्यंत. माळ वाढली म्हणजे कावीळ उतरली, असे घरचे समजतात, आणि खरोखरच रुग्णाच्या डोळ्यांतला पिवळेपणाही ओसरलेला असतो. यात कोणी खोटे बोललेले नाही. फक्त दोन गोष्टी कोणी तपासलेल्या नाहीत. काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जातो. तीच माळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगली तरी लांबते. आणि हिपॅटायटिस ए या विषाणूमुळे होणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. खिळ्याला टांगलेली माळ हा तुलनेचा गट झाला. तो नसेल तर डोळ्यांदेखत घडलेली गोष्टही चुकीचा पुरावा देते. पण कावीळ पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यामुळे झाली असेल तर तो खडा माळेने निघत नाही, आणि अशा रुग्णाचे माळेपायी गेलेले दिवस परत येत नाहीत. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा राहत नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून शास्त्रीय दावा तपासल्याचे एक गाजलेले जुने उदाहरण 1784 सालच्या फ्रान्समधले आहे. फ्रान्झ मेस्मर आणि त्याचे शिष्य ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करण्याचा दावा करत होते. पॅरिसमध्ये त्यांच्याकडे रीघ लागली होती. सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ अँत्वान लाव्हाझिए होते. पासी इथे फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरचा शिष्य देस्लाँ याने जर्दाळूचे एक झाड भारले. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक चार झाडांना मिठी मारायला लावली. त्यांतले एकही झाड भारलेले नव्हते. मुलगा खोकू लागला, घामाघूम झाला आणि चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. भारलेले झाड तिथून चोवीस फुटांवर होते. देस्लाँचे उत्तर होते की सगळ्याच झाडांत थोडे चुंबकत्व असते. हे उत्तर नीट पाहण्यासारखे आहे. निकाल काहीही लागला तरी दावा शाबूत राहील अशी सोय त्यात आहे, आणि अशी सोय असलेला दावा तपासताच येत नाही.

मुलाची मूर्च्छा मात्र खरी होती. त्याने सोंग केले नव्हते.

बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट याहून बारकाईने अभ्यासली गेली. त्याचा मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हा निवृत्त शिक्षक होता. मुलांना शिकवावे तसे त्याने घोड्याला गणित शिकवले होते. बेरीज विचारली की हान्स खूर आपटून उत्तर देई. ऑस्टेनने या खेळाचे कधी पैसे घेतले नाहीत. 1904 साली तेरा जणांच्या मंडळाने तपासणी केली आणि यात हातचलाखी नाही असा निर्वाळा दिला, जो बरोबरच होता. पुढे मानसशास्त्राचा अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट याने एक साधा बदल केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था त्याने केली. तेव्हा हान्सचे गणित कोलमडले. घोड्याला विचारणारा दिसेनासा केला, तेव्हाही तेच झाले.

फुंग्स्टने मग घोड्याऐवजी माणसांकडे पाहायला सुरुवात केली. प्रश्न विचारून झाला की विचारणारा खुरांकडे पाहण्यासाठी डोके किंचित खाली झुकवी. हान्स आपटू लागे. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या अंगातला ताण सुटे आणि डोके केसभर वर येई. हान्स थांबे. गंमत म्हणजे हे सगळे उमगल्यावर खुद्द फुंग्स्टने प्रश्न विचारले, तरी ती हालचाल त्याला पूर्णपणे आवरता आली नाही. आपल्याला ठाऊक आहे म्हणून आपण सुटलो, असे होत नाही. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणसाचा चेहरा वाचण्यात तो तेरा तपासनिसांपेक्षा हुशार होता. फॉन ऑस्टेनने हा निष्कर्ष शेवटपर्यंत मानला नाही.

त्याच 1904 साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात रने ब्लाँदलो या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाची ‘एन किरणां’ची प्रयोगशाळा पाहायला रॉबर्ट वुड हा अमेरिकन शास्त्रज्ञ गेला. अंधारात प्रयोग सुरू असताना त्याने उपकरणातला अ‍ॅल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. त्याच्याशिवाय किरण विखुरणे शक्यच नव्हते, तरी ब्लाँदलोची निरीक्षणे पहिल्यासारखीच चालू राहिली. एन किरण अस्तित्वातच नव्हते.

वैद्यकात ही शिस्त रुजायला दुसरे महायुद्ध संपावे लागले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची चाचणी घेतली, तिचा अहवाल 1948 मध्ये आला. रुग्ण 107 होते. कोणाला औषध मिळणार आणि कोणाला फक्त त्या काळची रूढ विश्रांती, हे डॉक्टरांनी ठरवले नाही. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून ते ठरवून पाकिटे बंद करून ठेवली होती. रुग्णाला चाचणीत घ्यायचे ठरल्यावरच त्याचे पाकीट फोडायचे. असे करण्याचे कारण मानवी आहे: निवड डॉक्टरच्या हाती असती तर ज्याच्याबद्दल आशा वाटते त्याच्याच पदरात औषध पडण्याचा संभव होता. छातीचे एक्स-रे वाचणाऱ्यांना तो फोटो कोणत्या गटातल्या रुग्णाचा हे सांगितले जात नव्हते. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या गटात 7 टक्के रुग्ण दगावलेले होते, दुसऱ्या गटात 27 टक्के. औषध तेव्हा ब्रिटनमध्ये इतके थोडे होते की सगळ्यांना देणे शक्यच नव्हते, त्यामुळे तुलनेचा गट ठेवण्यात अन्यायही नव्हता.

महाराष्ट्रात अंधचाचणीचे नाव घेतले की 2008 सालचा पुण्याचा प्रयोग आठवायलाच हवा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे जाणकार व चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी तो केला. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते, या दाव्याची ही परीक्षा होती. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा गोळा करून दोनशे पत्रिका तयार केल्या गेल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या यादृच्छिक रीतीने निवडलेल्या चाळीस पत्रिका पाठवायच्या आणि कोणती कोणत्या गटातली ते त्याने सांगायचे. मूल समोर नाही, आईबापांचा चेहरा समोर नाही, घराची कळा दिसत नाही. समोर फक्त बारा घरे आणि ग्रह. जे शास्त्र ग्रहांवर उभे आहे म्हणतात, त्याला नेमके तेवढेच दिले होते.

प्रयोगाची खरी गुणवत्ता निकालाआधीच्या एका पायरीत आहे. किती उत्तरे बरोबर आली तर दावा मानायचा, हे आधीच ठरले होते: चाळीसांपैकी किमान अठ्ठावीस. निकाल हाती आल्यावर रेषा पुढेमागे करायची मुभा ना ज्योतिषांना होती ना शास्त्रज्ञांना. शास्त्रज्ञांनाही पूर्वग्रह होता हे लपवण्यात अर्थ नाही. नारळीकर आणि दाभोलकर यांची ज्योतिषाबद्दलची मते अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. म्हणून तर आधी ठरवलेली रेषा आणि झाकलेली उत्तरे लागतात. प्रयोग करणारा कोणत्या मताचा आहे, याने मग फरक पडत नाही.

सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तर 50 टक्के आली असती. सगळ्यांत जास्त बरोबर उत्तरे होती चोवीस. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या आणि तिची 102 उत्तरे बरोबर आली. प्रयोगाचा अहवाल 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

त्या चोवीस गुण मिळवणाऱ्यापाशी थोडे थांबायला हवे. चाळीसांत चोवीस म्हणजे साठ टक्के. त्याचे एकट्याचे उत्तर वर्तमानपत्रात छापले असते, तर वाचणाऱ्याला त्यात काहीतरी तथ्य वाटले असते. पण सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले असते, तरी त्यांच्यात एखाद्याला चोवीस-पंचवीस सहज जमले असते. पारावर, रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत आपल्याला ऐकू येते ती नेहमी या एकाचीच गोष्ट. बाकीच्या सव्वीस जणांचे पत्रिकेवरून चुकलेले अंदाज कोणी सांगत बसत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ तर आता स्वतःच स्वतःला चकवतात. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो या प्रकल्पात थोड्या जणांच्या गुप्त पथकाला खोटा संकेत उपकरणात सोडण्याची परवानगी होती. 16 सप्टेंबर 2010 रोजी एक ठसठशीत संकेत नोंदला गेला. आकाशातली त्याची दिशा बृहल्लुब्धक (लॅटिन नावाचा अर्थ ‘मोठा कुत्रा’) तारकासमूहाकडची वाटली, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला ‘बिग डॉग’ म्हणायला सुरुवात केली. सहा महिने शेकडो जणांनी त्याचे विश्लेषण केले, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बैठकीत गुप्त पथकाचे बंद पाकीट उघडले तेव्हा कळले की संकेत कृत्रिम होता. इतक्यांचे सहा महिने खर्ची पडले, तरी ते वाया गेले नाहीत. खरा संकेत आला तर आपल्याला तो ओळखता येईल का, याची ती रंगीत तालीम होती. 14 सप्टेंबर 2015 रोजी पुन्हा संकेत आला तेव्हा शास्त्रज्ञांनी सुरुवातीलाच एकमेकांना विचारले, कोणी सोडलाय का? कोणीही सोडलेला नव्हता. त्या शोधाच्या निबंधावर नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या ‘आयुका’तल्या शास्त्रज्ञांचीही नावे आहेत. लायगोचे भारतीय केंद्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत आहे.

अंधचाचणी सगळीकडे जमत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे डोळे बांधता येत नाहीत. काही औषधांनी तोंडाला इतकी कोरड पडते की आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्ण बरोबर ओळखतो. आणि सगळ्यांत मोठे भगदाड प्रयोगाच्या बाहेर आहे: चाचणी चोख झाली, पण निकाल कपाटात गेला तर?

याचे मोजमाप 2008 मध्ये झाले. एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या बारा औषधांच्या, अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या 74 चाचण्या तपासल्या. औषधाच्या बाजूने निकाल लागलेल्या 38 चाचण्यांपैकी 37 छापून आल्या होत्या. उरलेल्या 36 पैकी 22 कुठेच छापल्या गेल्या नव्हत्या आणि 11 अशा शब्दांत छापल्या होत्या की निकाल औषधाच्या बाजूने लागल्यासारखा वाटावा. जसा निकाल लागला तशा छापल्या गेल्या त्या फक्त तीन. नियतकालिके चाळून औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हाती जवळपास सगळा पुरावा एकाच बाजूचा येत होता. प्रत्येक चाचणीत रुग्ण आणि डॉक्टर दोघांचे डोळे नीट बांधलेले असतील, पण कोणते निकाल दाखवायचे हे ठरवणाऱ्याचे डोळे उघडे होते, आणि त्याचे हितसंबंधही.

यावरचा उपाय पुण्याच्या प्रयोगासारखाच आहे: काय तपासणार आणि कशाला यश म्हणणार, हे सुरू करण्याआधी जाहीर लिहून ठेवायचे. भारतात त्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री 20 जुलै 2007 रोजी सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. एखाद्या औषधाच्या, काढ्याच्या किंवा चूर्णाच्या जाहिरातीत ‘वैद्यकीय चाचण्यांतून सिद्ध’ असे वाचनात आले, तर वाचकांनी त्या नोंदवहीत नाव घालून पाहावे. चाचणी नोंदलेली आहे का, तुलनेचा गट होता का, माहिती कोणापासून झाकलेली होती आणि यशाची व्याख्या आधी काय लिहिली होती, हे तिथे सापडते. आणि सापडले नाही, तर त्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.