पाककृतीचं पुस्तक कोणाच्या स्वयंपाकघरासाठी?

पाककृतीचं नवं पुस्तक आलं की दारव्ह्याची माझी आई फोटो बघत नाही, आधी साहित्याची यादी वाचते. केक-ब्रेडच्या पुस्तकांवर तिचं मत ठरलेलं: "एवढं सामान कोणाच्या घरी रायते?" मला हा प्रश्न इतिहासाचा वाटतो.

मराठीत छापील पाककृती तशा जुन्या. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. पण घरोघरी पोचलं ते कमलाबाई ओगले यांचं १९७० चं 'रुचिरा'. त्यातली मापं वाटी-चमच्याची, वजनकाट्याची गरज नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रेशो म्हणतो. वाटी लहान असो की मोठी, एकास दोन म्हणजे एकास दोनच. जवळ आई-सासू नसलेल्या मुलीलाही त्यावरून स्वयंपाक जमायचा.

पण वाटी भरायला घरात काही हवं ना? शाहू पटोले यांचं २०१५ चं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नेमकं तिथे बोट ठेवतं. मराठवाड्यातल्या दलित घरांत तेल-तूप-दुधाची चैन नसताना काय शिजायचं, मांस वाळवून चान्या का करून ठेवायचे, हे त्यात आहे. 'सूपशास्त्र' आणि या पुस्तकात १४० वर्षांचं अंतर! आई वाचून म्हणाली, "आपल्या गावातबी हेच शिजत असन. कोणी लिहून नाई ठेवलं."

म्हणून सांगतो, यादीत जे छापलं नाही तोही इतिहासच असतो. तुमच्या घरचा कोणता पदार्थ अजून कुठल्याच पुस्तकात नाही? करणारं माणूस आहे तोवर विचारून लिहून ठेवा.