आपण कोणत्या भाषा शिकलो आणि का?



जून महिना जवळ आला की आपल्या घराघरांतून एकच वाद ऐकू येतो. मुलाला उर्दू शाळेत घालावे, मराठी शाळेत घालावे की इंग्रजी? वडील म्हणतात, इंग्रजीशिवाय नोकरी नाही. आजोबा म्हणतात, उर्दू सुटली तर दीनची किताबे कोण वाचणार? शेजारचे मास्तर म्हणतात, ज्या राज्यात राहायचे त्या राज्याची भाषा नको का? आणि ज्या आजीला कोणी विचारतच नाही, ती बिचारी आपल्या कोकणी बोलीत नातवाला हाक मारते, तेव्हा तिलाच सांगण्यात येते की, पोरापुढे नीट बोल!

हा वाद आजचा नाही. आपल्या वाडवडिलांपुढेही तो अनेकदा उभा राहिला होता. त्यांनी काय केले, हे पाहिले तर आपला निर्णय थोडा सोपा होईल, या हेतूने हा लेख लिहिला आहे. कृपया तो शेवटपर्यंत वाचावा.

आरंभी एक गोष्ट स्मरणात असू द्या. भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे, असा आशय कुरआन शरीफच्या सूरह रूममध्ये आला आहे. मदिनेत यहुदी लोकांशी पत्रव्यवहार करावा लागे. तो परक्याच्या हाती राहू नये म्हणून पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना त्यांची लिपी व भाषा शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती सुमारे पंधरवड्यात आत्मसात केली, असे हदीसमध्ये आले आहे. नवी भाषा शिकण्याने ईमान कमी होते असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

दर्याकाठचे पहिले धडे

हिजरी 304, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी व इतिहासकार आपल्या कोकण किनाऱ्यावर आला. आज रायगड जिल्ह्यात असलेल्या चौलला अरब लोक सैमूर म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे तो लिहितो. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, तर कोणी बगदादचे. त्यांच्यात येथेच जन्मलेले मुसलमानही पुष्कळ होते. त्यांना ‘बयासिरा’ म्हणत. राज्य राष्ट्रकूटांचे होते आणि मुसलमानांचे तंटे सोडविण्यासाठी राजाने त्यांच्यातूनच एक प्रमुख नेमला होता. सैमूर, सोपारा व ठाणे येथील लोकांच्या भाषेचे नावही मसूदीने दिले आहे. तिला तो ‘लारिया’ म्हणतो.

विचार करा, सिराफहून आलेल्या व्यापाऱ्याला मिरी, साग आणि कापड विकत घ्यायचे तर गावच्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे लागले असेल? आणि येथे जन्मलेले मूल अंगाई कोणत्या भाषेत ऐकत असेल? व्यापार बापाच्या भाषेत आणि बाळपण आईच्या भाषेत, अशी आपल्या समाजाची सुरुवात झाली. त्या दिवसांच्या खुणा मराठीत अजून शिल्लक आहेत. जहाजाच्या मालकाला फारसीत ‘नाखुदा’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर त्याचाच ‘नाखवा’ झाला. ‘मोसमी’ वाऱ्यातला मोसम हा अरबी ‘मौसिम’ आहे.

दुसरा पुरावा तांब्यावर कोरलेला आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके 848, म्हणजे इ.स. 926 चा आहे. त्यावेळी संजाण परिसराचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक म्हणजे अरब होता. त्याचे नाव मुहम्मद. पण संस्कृत लिहिणाऱ्याने ते ‘मधुमति’ असे लिहिले आहे! या मुसलमान अधिकाऱ्याने लोकांसाठी फुकट तरीची सोय केली आणि अन्नछत्र चालविले, अशी नोंद त्या ताम्रपटात आहे. नाव दुसऱ्या भाषेत गेले, पण माणूस बदलला नाही आणि त्याचे काम लोकांच्या लक्षात राहिले.

याच किनाऱ्यावर पुढे माहीमचे हजरत मखदूम अली माहिमी (इ.स. 1372 ते 1431) होऊन गेले. त्यांनी कुरआन शरीफची तफसीर अरबीत लिहिली. जन्म कोकणातला, पण इल्मची भाषा त्यावेळी दूरदूरच्या मुलखांत अरबी होती. म्हणून त्यांनी अरबीत इतका अधिकार मिळविला की अरबी जाणणाऱ्या विद्वानांनी त्यांचा ग्रंथ वाचावा. बाजारासाठी एक भाषा, घरासाठी दुसरी आणि विद्येसाठी तिसरी, असा हा हिशेब होता.

दरबाराची भाषा आणि गावाची भाषा

आता घाटावर येऊ. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात फारसी चालत असे. परंतु महसूल कोठून येणार? गावातून. आणि गावचा हिशेब ठेवणार कुलकर्णी. म्हणून विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द इ.स. 1534 ते 1558) सरकारी हिशेब फारसीऐवजी येथील देशी भाषेत ठेवण्यास सुरुवात केली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्या काळातील कितीतरी फर्माने आजही पाहावयास मिळतात. वर फारसी मजकूर आणि खाली त्याचाच मराठी मजकूर. सत्ता सुलतानाच्या हाती असूनही प्रजेची भाषा धरल्यावाचून राज्य चालले नाही, हे त्यातून दिसते. त्याच घराण्यातील दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपला ‘किताबे नवरस’ हा ग्रंथ दख्खनीत लिहिला.

राजाने देशी भाषा कारभारासाठी धरली, तर सूफी संतांनी ती प्रेमापोटी धरली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी इ.स. 1645 मध्ये ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत पूर्ण केला. हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठीत टीका लिहिली. ती ‘अंबरहुसेनी’ या नावाने ओळखली जाते. ही मंडळी मराठीत का लिहू लागली? कारण त्यांचे शेजारी मराठी होते आणि ज्याला आपले अंतःकरण उघडायचे त्याच्या भाषेत बोलावे लागते.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. कागद, शाई, जमीन, महसूल, अर्ज, वकील, तारीख, किल्ला, जिल्हा, तालुका हे शब्द फारसी-अरबीतून आले. फडणवीस या आडनावातला ‘नवीस’ म्हणजे फारसीत लिहिणारा. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातील अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करण्यात आला. त्यात सुमारे चौदाशे शब्द आहेत. स्वतःच्या राज्याचा कारभार स्वतःच्या भाषेत व्हावा, ही इच्छा स्वाभाविकच होती. तरीही जमीन आणि महसूल हे शब्द राहिले ते राहिलेच. तेव्हा मराठी ही आपल्याला परकी आहे असे म्हणणाऱ्या मुसलमानाने, आणि तसे आपल्याला सांगणाऱ्या इतर कोणीही, तहसीलदार कचेरीतला कोणताही एक कागद वाचून पाहावा. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी मुलखाला जागविणारे शाहीर अमर शेख (1916 ते 1969) आपल्यातलेच होते, हेही विसरू नये.

फारसी गेली, इंग्रजी आली

इ.स. 1837 च्या कायद्याने कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून फारसीची सक्ती उठली. ज्यांचे पोट फारसीवर चालत होते त्यांच्यावर मोठे संकट आले. काही घराणी जुन्या वैभवाच्या आठवणीत बसून राहिली आणि मागे पडली. इंग्रजी शिकले तर मुलगा धर्मभ्रष्ट होईल, ही भीतीही होती.

अशा वेळी मुंबईच्या तय्यबजी कुटुंबाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हे व्यापारी बोहरा घराणे मूळचे गुजराती बोलणारे. देशातील इतर मुसलमानांशी नाते जुळावे म्हणून त्यांनी घरात उर्दू आणली. बद्रुद्दीन तय्यबजी (1844 ते 1906) मदरशात उर्दू-फारसी शिकले, नंतर एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि 1860 मध्ये, अवघे सोळा वर्षांचे असताना, विलायतेस रवाना झाले. 1867 मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. इंग्रजी शिकून त्यांचे ईमान गेले का? 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. त्यांच्यासोबत कोकणी समाजाचे नाखुदा मुहम्मद अली रोगे हेही होते. 1880 मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. 1887 मध्ये बद्रुद्दीन काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढे ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि 1897 मध्ये लोकमान्य टिळकांना जामीन देण्याचा हुकूम त्यांनीच दिला. राज्यकर्त्याची भाषा शिकलेला माणूस राज्यकर्त्याच्याच कोर्टात न्याय देऊ शकला.

केपटाऊनचा धडा

आता एक गोष्ट दूरची, पण आपल्याच माणसांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी व त्यावेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील अनेक कोकणी मुसलमान पोटासाठी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. तेथे 1902 मध्ये कायदा झाला की, उतरणाऱ्या माणसाला युरोपातील एखाद्या भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. ही अट आपल्यासारख्यांना रोखण्यासाठीच होती. अरबी येवो, उर्दू येवो, मराठी येवो, बंदरावर त्याची किंमत शून्य!

तरीही आपली माणसे तेथे राहिली आणि रुजली. दुकानात इंग्रजी व आफ्रिकान्स, मदरशात अरबी व उर्दू, आणि घरात कोकणी. ही कोकणी कित्येक दशके टिकली. कशामुळे? मुलांची लग्ने गावाकडे होत. नवी सून कोकणातून येई आणि सोबत बोली आणी. मग 1953 मध्ये तेथील वर्णद्वेष्ट्या सरकारने कायदा करून हिंदुस्थानातून बायकामुले आणण्याचा मार्ग बंद केला. गावाकडून नव्या सुना येणे थांबले. त्यानंतरच्या पिढ्यांची घरातली भाषा हळूहळू इंग्रजी झाली आणि कोकणी वृद्धांच्या तोंडी उरली.

पालकहो, या गोष्टीचा अर्थ नीट समजून घ्या. इंग्रजी शिकले म्हणून कोकणी गेली नाही. इंग्रजी आणि आफ्रिकान्स तर ते पहिल्यापासून बोलत होते. घरात ती बोलणारी आई राहिली नाही, म्हणून ती गेली. नवी भाषा शाळा शिकविते; जुनी भाषा फक्त घर राखते.

मग आज आपण काय करावे?

केपटाऊनमध्ये परक्या सरकारने जे केले, ते आपण येथे आपल्याच हातांनी करीत आहोत. आजीला गप्प बसविणारा कायदा कोणी केलेला नाही. तो आपणच घरात लागू केला आहे.

भारताच्या घटनेने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी असा निर्देश दिला आहे. 1956 मध्ये घातलेले कलम 350 अ पाहावे. आपल्या राज्याचा राजभाषा कायदा 1964 चा आहे आणि 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाले आहे. तेव्हा आपले मूल कोणत्याही माध्यमात असो, मराठी त्याला येणारच आहे. प्रश्न एवढाच की, ती पास होण्यापुरती येणार की अर्ज लिहिण्याइतकी, भाषण करण्याइतकी आणि शेजाऱ्याच्या सुखदुःखात सामील होण्याइतकी येणार?

उर्दू माध्यमाच्या मुलाने मराठीला ओझे समजू नये. सातबारा मराठीत आहे, ग्रामसभा मराठीत होते. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला घरी उर्दू वाचावयास शिकवावे, नाहीतर आजोबांच्या कपाटातील पुस्तके पुढे त्याच्यासाठी केवळ रद्दी ठरतील. मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजीला घाबरू नये. सोळा वर्षांचा बद्रुद्दीन बोटीत चढला तेव्हा त्यालाही ती परकीच होती. अरबी आपण सर्वचजण वाचतो. ती समजून घेण्याचाही थोडा प्रयत्न व्हावा.

माध्यम कोणते घ्यावे याचे उत्तर प्रत्येक घराला आपल्या परिस्थितीप्रमाणे वेगळे मिळेल. त्यावरून एकमेकांना नावे ठेवू नयेत. परंतु एक भाषा घेण्यासाठी दुसरी टाकावीच लागते, ही समजूत मात्र काढून टाकावी. आपल्या वाडवडिलांनी चार-चार भाषा सांभाळल्या आणि तेव्हा शिकवणीचे वर्गही नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्यासाठी एक काम. या सुट्टीत एक कोरी वही घ्या आणि आजीजवळ बसा. ती माशांना, भांड्यांना, झाडांना, पावसाच्या प्रकारांना काय म्हणते ते एकेक शब्द करून लिहून घ्या. प्रत्येक शब्दापुढे त्याचा मराठी, उर्दू आणि इंग्रजी अर्थ लिहा. वही भरेल तेव्हा तुम्हाला चार भाषा थोड्या अधिक येऊ लागतील आणि आजीला कोणीतरी ऐकणारे मिळेल. तिच्या तोंडचा जो शब्द आज लिहिला जाणार नाही, तो उद्या कोणत्याही शब्दकोशात सापडेलच असे नाही.

अल्लाह तआला आपल्या मुलांना इल्म देवो आणि त्यांच्या जिभेवर सर्व भाषांतील चांगला शब्द ठेवो. आमीन.